मोटरसायकल नीट चालवायला शिकवणारी पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटातली पाच-सहा पुस्तकं गेली काही वर्षं सतत कुणाच्या तरी घरी असतात. ज्यांनी नेली ते आणि ज्यांना न्यायची आहेत ते, दोघंही साधारण तेच प्रश्न विचारतात. दर वेळी चहाच्या टपरीवर उभं राहून तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

गाडी काय पुस्तक वाचून शिकतात का?

शिकत नाहीत. आपण सगळेच मैदानात दोन चकरा मारून शिकलो. काकानं किंवा मोठ्या भावानं "क्लच हळू सोड, रेस जास्त देऊ नको" एवढं सांगितलं, आरटीओत आठचा आकडा काढला, पक्कं लायसन्स हातात पडलं. त्यानंतर वीस वर्षं कुणी काही शिकवलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूनं लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. तो अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. ऐन वेळी हे लोक काय करत होते? मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नव्हते. तुमच्या ओळखीतले किती जण आजही "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील" असं सांगतात ते मोजा.

मी पहिलं पुस्तक वाचलं ते गाडी अकरा वर्षं चालवून झाल्यावर, आणि तेही पडल्यावर. ताम्हिणीत एका डाव्या वळणावर खडी पसरली होती. शेजारी चांगली चार फूट स्वच्छ जागा होती. मी खडीकडे बघत राहिलो आणि गाडी बरोब्बर खडीवर नेली. महिनाभर खडीला शिव्या घातल्या. मग एका पुस्तकात वाचलं की घाबरलेला माणूस ज्याच्याकडे बघत राहतो, गाडी तिकडेच जाते. माझ्यासोबत जे झालं होतं त्याला नाव होतं, कारण होतं आणि त्यावर सराव होता. पुस्तकाचा उपयोग एवढाच आणि तो कमी नाही.

बरं, मग पहिलं कुठलं घेऊ?

आधी मला एक सांगा, गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीवर पोटात गोळा कधी आला होता?

गल्लीतून कुणी अचानक बाहेर आलं, रिक्षा न बघता वळली, उभ्या कारचं दार उघडलं, असं काही उत्तर असेल तर डेव्हिड हफ यांचं 'प्रोफिशिअंट मोटरसायकलिंग'. ते २००० साली आलं, दुसरी आवृत्ती २००८ची. हफ एका मोटरसायकल मासिकात वर्षानुवर्षं सदर लिहायचे, त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. म्हणून प्रकरणं सुटी आहेत, भाषा गप्पांची आहे आणि भर वेगावर नाही, वाहतुकीत जिवंत राहण्यावर आहे. ज्यांना "मला कधीच गोळा येत नाही" असं वाटतं त्यांनीही हेच घ्यावं. त्यांनी तर जरूर घ्यावं.

वळणात भीती वाटत असेल, म्हणजे घाटात गाडी नको तितकी बाहेर जाते, अंग आखडतं, मित्र पुढे निघून जातात, तर किथ कोड, ली पार्क्स किंवा निक आयनाच. पार्क्स यांचं 'टोटल कंट्रोल' मला यातलं सर्वांत वापरण्याजोगं वाटतं, कारण त्यात मोकळ्या जागेत करायचे सराव आहेत आणि शरीर केव्हा, कुठे, किती हलवायचं हे क्रमानं सांगितलं आहे. त्याची पहिली आवृत्ती २००३ची. आयनाच यांचं 'स्पोर्ट रायडिंग टेक्निक्स'ही त्याच वर्षीचं. कोड यांच्या 'ट्विस्ट ऑफ द रिस्ट'बद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आणि गोळा हायवेवर येत असेल, ओव्हरटेक करताना अंदाज चुकत असेल, दिवसभर चालवून संध्याकाळी डोकं बधिर होत असेल, तर 'मोटरसायकल रोडक्राफ्ट'. हे ब्रिटिश पोलिसांच्या मोटरसायकल चालकांसाठीचं अधिकृत पुस्तक. वाचायला कोरडं, सरकारी वळणाचं. पण त्यातला पाच पायऱ्यांचा क्रम एकदा अंगात भिनला की जात नाही: माहिती, जागा, वेग, गिअर, मग रेस. समोर काहीही येवो, वळण असो, चौक असो, म्हशींचा कळप असो, याच क्रमानं. बहुतेक जण उलटं करतात. आधी रेस, मग ब्रेक, मग माहिती.

पहिलं म्हणून दुकानदार किंवा वेबसाइट जे पुढे करते ते घेऊ नका. मुखपृष्ठावर गुडघा घासणारा माणूस असलेलं पुस्तक नेहमी पुढेच असतं.

अमेरिकन पुस्तकातल्या आकृत्या वाचताना गोंधळ होतो. माझंच काही चुकतंय का?

नाही. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, आपल्याकडे डावीकडून. हफ, कोड, पार्क्स, आयनाच सगळे अमेरिकन. त्यांचं डावं वळण ते आपलं उजवं वळण. हे ऐकायला सोपं आहे, पण वाचताना विसरलं जातं आणि मग चुकीची सवय लागते. माझ्या हफच्या प्रतीत मी प्रत्येक आकृतीशेजारी पेन्सिलीनं "उलटं" लिहून ठेवलं आहे. एका मित्रानं तर पान आरशासमोर धरून वाचलं. तोही उपाय वाईट नाही.

दोन ठिकाणी हा फरक जिवावर बेतणारा आहे.

पहिलं, चौक. अमेरिकन पुस्तकं समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्या कारपासून सावध राहायला सांगतात. हर्ट यांच्या अहवालातही दोन वाहनांच्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत दुसऱ्या वाहनानं मोटरसायकलची वाट अडवलेली होती. आपल्याकडे ती कार उजवीकडे वळते. समोरून येऊन उजवा इंडिकेटर देणारा, किंवा न देणारा, हा तुमचा मुख्य धोका. शिवाय आपल्याकडे राँग साइडनं डाव्या कडेनं येणाराही आहेच. तो कुठल्याच अमेरिकन आकृतीत नाही.

दुसरं, घाटातलं वळण. उजव्या वळणात गाडी उजवीकडे झुकते. चाकं मधल्या पट्ट्याच्या अलीकडे असली तरी तुमचं डोकं आणि खांदा पट्ट्याच्या पलीकडे, समोरच्या एसटीच्या हद्दीत लोंबत असतो. अमेरिकनांना हे डाव्या वळणात होतं, म्हणून त्यांची पुस्तकं तिथे इशारा देतात. तुम्ही पान तसंच पाठ केलंत तर नेमक्या चुकीच्या वळणात निर्धास्त राहाल.

रोडक्राफ्ट इथे कामाला येतं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे आकृत्या जशाच्या तशा लागू होतात. त्यात वळणातली नजर कशी ठेवायची यावर जे आहे ते मला इतर कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ सापडलं नाही. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या ठिकाणावर लक्ष ठेवायचं. ते ठिकाण तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण सैल होतंय. जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. वरंध किंवा कुंभार्ली उतरताना हे एकदा करून बघा.

तरीही एक दुरुस्ती आपली आपण करायची. डाव्या वळणात लांबचं दिसावं म्हणून मधल्या पट्ट्याकडे सरकायला तिथे सांगतात. आपल्या घाटात तोच पट्टा समोरचे ट्रक वळण कापताना वापरतात. थोडं कमी दिसलं तरी चालेल, जागा सुरक्षित हवी. हे त्या पुस्तकाच्या तत्त्वाविरुद्ध नाही, ते स्वतःही दिसण्यापेक्षा सुरक्षिततेला वर ठेवतं.

'ट्विस्ट ऑफ द रिस्ट' रेसवाल्यांचं पुस्तक. माझ्याकडे स्प्लेंडर आहे. काय उपयोग?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, कारण नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

किथ कोड यांनी १९८० साली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केलं. त्याचे वर्ग चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही झाले आहेत. पुस्तकाचा पहिला भाग १९८३चा, दुसरा १९९३चा. दोन्ही रेस ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत हे खरं. पण दोन कल्पना अशा आहेत की त्या लूनावरही लागू पडतात.

पहिल्या भागातली कल्पना पैशांची आहे. कोड म्हणतात, समजा तुमच्याकडे लक्ष म्हणून दहा डॉलर आहेत. एवढेच, जास्त नाहीत. नवशिक्याचे बहुतेक पैसे क्लच आणि गिअरवरच खर्च होतात, म्हणून त्याला समोरची म्हैस दिसत नाही. सराव म्हणजे एकेक गोष्ट स्वस्त करत जाणं. मी ते दहा रुपये करून सांगतो. घाटात मोबाईल वाजला आणि "कुणाचा असेल" असा विचार आला, दोन रुपये गेले. मागे बसलेल्याशी भांडण चालू आहे, पाच गेले. उरलेल्या तीन रुपयांत वळण घ्या आता.

दुसऱ्या भागात जीव वाचवायला शरीर आपोआप ज्या गोष्टी करतं त्यांची सात कलमांची यादी आहे: रेस एकदम सोडणं, हँडल घट्ट पकडणं, नजर आक्रसणं, लक्ष एका जागी खिळणं, तिकडेच गाडी जाणं, हँडल वळवायचंच विसरणं किंवा चुकीचं वळवणं आणि चुकीचा ब्रेक. गंमत अशी की जीव वाचवायला केलेल्या याच गोष्टी पाडतात. माझ्या ताम्हिणीच्या पडण्यात यातल्या किमान चार होत्या. यादी वाचून मी अक्षरशः हसलो.

आता कुठे सावध राहायचं ते. कोड यांचा मुख्य नियम असा की वळणात एकदा रेस द्यायला सुरुवात केली की ती वळण संपेपर्यंत एकसारखी, हळूहळू, न थांबता वाढवत जायची. त्यामुळे वजन मागच्या चाकाकडे सरकतं आणि गाडी स्थिर राहते. मोठ्या गाडीवर, मोकळ्या ट्रॅकवर हे सोन्यासारखं आहे. पण ट्रॅकवरचं वळण कालही तसंच होतं आणि उद्याही तसंच असणार आहे. आंबोली घाटात वळणापलीकडे वानरांसाठी थांबलेली कार असते. तिथे "न थांबता वाढवत" या शब्दांना धरून बसलात तर पुस्तकाचा दोष नाही. रस्त्यावर माझ्यापुरता अर्थ इतकाच घेतो: वळणात रेस एकदम सोडायची वेळ येणार नाही एवढ्या कमी वेगात आत शिरायचं. शंभर सीसीवरही हे जमतं. तिथे तर रेस वाढवून फार काही होतच नाही, त्यामुळे चूक माफ असते.

एक पुस्तक म्हणतं ब्रेक वळणाआधी संपव, दुसरं म्हणतं वळणात शिरताना हळूहळू सोड. खरं कुणाचं?

दोघांचं, पण एकाच दिवशी शिकायचं नाही.

टायरची पकड म्हणजे एकच भाकरी. ब्रेक आणि वळण हे तिचे दोन वाटेकरी. गाडी सरळ असताना सगळी भाकरी ब्रेकला देता येते. गाडी झुकत जाते तसा वळणाचा वाटा वाढतो आणि ब्रेकचा कमी करावा लागतो. रोडक्राफ्ट वाटण्या सोप्या ठेवतं: आधी सरळ रेषेत ब्रेक आटप, मग वळ. आयनाच वळणात शिरताना पुढचा ब्रेक थोडा धरून तो हळूहळू सोडत न्यायला शिकवतात. त्याचा फायदा असा की वळण अचानक आवळलं तर बोट ब्रेकवरच असतं, आणि ब्रेक सुरू असल्यानं वेग आणखी कमी करणं धक्कादायक होत नाही.

माझं मत असं. पहिलं वर्षभर रोडक्राफ्टवाली पद्धत. तोही ब्रेक अर्धवट येत असेल तर दुसरी पद्धत शिकणं म्हणजे पाढे न येता त्रैराशिक करणं. त्यानंतर पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि बरे टायर असलेली गाडी असेल तर मोकळ्या, ओळखीच्या वळणावर कमी वेगात दुसरी शिका. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर हे सूक्ष्म प्रकार करायला जाऊ नका, ड्रमला एवढी जाणीव बोटांपर्यंत पोहोचवता येत नाही.

माझ्या गाडीला एबीएस आहे. ब्रेकवरचं प्रकरण सोडलं तर?

सोडू नका. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस सक्तीची झाली. जुनी पुस्तकं याच्या आधीची असल्यानं त्यात चाक अडकण्याबद्दल पानंच्या पानं आहेत. ती चाळली तरी चालतील. पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढंच करतं, थांबायचं अंतर जादूनं कमी करत नाही.

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. धोका लक्षात यायला एक सेकंद गेला तर तेवढं अंतर ब्रेकला हात लागायच्या आत संपलं. नंतर कोरड्या डांबरावर उत्तम ब्रेक मारला तरी आणखी वीसेक मीटर. ताशी ८०ला हेच आकडे बावीस आणि पस्तीसच्या पुढे. खडीवर आणि चिखलात तर हिशेबच वेगळा. हा हिशेब डोक्यात बसवणारं प्रकरण ज्या पुस्तकात आहे ते एबीएसवाल्यालाही हवंच.

आणि एक खरी अडचण: एबीएसवाले बरेच जण आयुष्यात कधी पूर्ण ताकदीनं ब्रेक मारूनच बघत नाहीत. पहिल्यांदा लिव्हर थरथरलं की दचकून सोडून देतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, वीस-तीसच्या वेगानं सुरू करून बघा.

डावीकडे वळायला डावं हँडल पुढे ढकलायचं? चेष्टा करता का?

चेष्टा नाही. तुम्ही रोज तेच करता, फक्त माहीत नसतं. हळू चालताना हँडल जिकडे वळवाल तिकडे गाडी जाते. वेग थोडा वाढला की डावं हँडल किंचित पुढे दाबलं तर गाडी डावीकडे झुकते आणि डावीकडे जाते. सायकलवरही असंच. वाचून विश्वास बसणार नाही. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगानं डावा तळहात अगदी हलकेच पुढे दाबा. हलकेच. तेवढ्यानं पटेल.

हे ज्या पुस्तकात नाही ते बिनधास्त परत ठेवा.

खड्डे, शेवाळ, ऊस. परदेशी लेखकांना आपले रस्ते काय कळणार?

अर्धं कळतं. हफ यांनी नव्या डांबराच्या थराची कड, ओले रेल्वे रूळ, पाठलाग करणारी कुत्री यांवर लिहिलं आहे, आणि ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. कड तिरकी घासत चढू नका, थोडं बाजूला सरकून नीट कोनात चढा. कुत्रं धावत येताना दिसलं की आधी वेग कमी करा म्हणजे त्याचा अंदाज चुकतो, मग जवळ आल्यावर रेस द्या. आमच्या कॉलनीतल्या कुत्र्यांवर हे चाललं आहे. लाथ मारायला गेलात तर मात्र पडाल.

बाकीचं अर्धं त्यांना माहीत असायचं कारण नाही. ते तुम्ही पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा. माझ्या पानावर हे आहे. जूनमधला पहिला पाऊस: वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते, अर्धा तास चहा प्या. जुलैत मावळात आणि कोकणात चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर डांबरावर चिखलाच्या दोन पट्ट्या सोडून जातात, त्या वळणावरच असतात. घाटात डोंगराच्या बाजूला जिथे ऊन पोचत नाही तिथे शेवाळ. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं झाकलेला. आणि वळणावर पडलेली उसाची कांडी टायरखाली रुळासारखी फिरते. सोयाबीन, ज्वारी रस्त्यावरच वाळत घातलेली, कडेला दगड मांडून. गावाच्या वेशीवरचा रंग उडालेला गतिरोधक.

रात्री उसाच्या भागातून जाताना रोडक्राफ्टचा एक नियम मी अगदी धार्मिकपणे पाळतो: दिव्यात जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात, आपल्या बाजूला थांबता आलं पाहिजे. एवढा पाळला तर साधारण दिव्यांच्या गाडीवर साठच्या वर जाताच येत नाही. मित्र चिडवतात.

यूट्यूबवर सगळं फुकट आहे की.

आहे, आणि काही चांगलं आहे. कोड यांच्या दुसऱ्या भागावर तर चित्रफीतही आहे. पण व्हिडिओ तुम्हाला तुमची चूक विचारत नाही, आणि अर्ध्या वेळी दाखवणाऱ्याला शिकवण्यापेक्षा गाडीचा आवाज ऐकवायचा असतो.

इंग्रजी जड जातं. काय करू?

हफपासून सुरू करा, वाक्यं लहान आहेत, विनोदी आहेत, चित्रं भरपूर आहेत. एका बसणीत एकच प्रकरण. जमत असेल तर दोघं-तिघं मिळून वाचा, एकानं मोठ्यानं वाचावं आणि आपल्या भाषेत सांगावं. सांगताना अडलात तर ते तुम्हाला समजलेलं नाही. कोड मात्र एकट्यानं, पहिल्यांदाच इंग्रजीत वाचायला घेऊ नका; शब्द सोपे आहेत, विचार गुंतलेला आहे.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक बरं की वाईट ते कसं ओळखायचं?

ब्रेकवरचं प्रकरण उघडा आणि दोन पानं वाचा. लेखक सांगतो का की हा सराव कुठे करायचा, किती वेगानं सुरू करायचा, चुकला तर काय जाणवेल? सांगत असेल तर घ्या. नुसतं "आत्मविश्वासानं ब्रेक लावा" असेल तर ठेवून द्या. दुसरी खूण: लेखक स्वतः कधी पडला हे लिहितो का? न पडलेल्या माणसाच्या सल्ल्याला मी फार किंमत देत नाही. तिसरी, फोटोत चालकाचं जाकीट, हातमोजे, बूट दिसतात का ते बघा. टी-शर्टवर घाट शिकवणारा माणूस तुम्हाला काय शिकवणार?

किमतीबद्दल: आयात पुस्तकं महाग पडतात. दोघांत मिळून घ्या. जुनी आवृत्ती स्वस्त मिळाली तर बिनदिक्कत. वळण, नजर, लक्ष या गोष्टी १९८३ नंतर बदललेल्या नाहीत. जुनी होतात ती टायर, ब्रेक आणि कायद्याची प्रकरणं. परदेशी पुस्तकातला कायदा तर वाचूच नका, आपल्याकडे २०१७ची मोटार वाहन चालनाची नियमावली आहे.

मी ॲक्टिव्हा चालवते. यातलं काही माझ्या कामाचं?

हफ पूर्ण. रस्त्यावरची माणसं स्कूटर आहे म्हणून वेगळं वागत नाहीत, उलट जास्त आडवी येतात. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं दगावली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. आकडा स्कूटर आणि बुलेट वेगळी करत नाही.

तंत्राच्या बाबतीत दोन फरक लक्षात ठेवा. स्कूटरची चाकं लहान, म्हणून मोटरसायकल ज्या खड्ड्यावरून जाते त्यात स्कूटर अडकते. आणि क्लच नाही, त्यामुळे पुस्तकातलं "हाफ क्लचवर हळू वळा" तुमच्यासाठी नाही. त्याऐवजी थोडी रेस चालू ठेवून मागचा ब्रेक अगदी हलका धरा. पार्किंगमध्ये यू-टर्न घेताना गाडी डगमगायची थांबते. हे एवढं शिकून माझ्या बहिणीनं दहा मिनिटांत मला मागे टाकलं.

मुलगा अठराचा झाला, गाडी घेऊन दिली. सोबत कुठलं पुस्तक देऊ?

हफ. ट्विस्ट नको, निदान दोन वर्षं नको, मुखपृष्ठ बघूनच तो बिघडेल. आणि पुस्तकाच्या आधी हेल्मेट, आयएस ४१५१चा शिक्का असलेलं, त्याच्या डोक्याला घालून बघून घेतलेलं. स्वतःही घाला. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातानाही. त्याचं वाचन तिथूनच चालू असतं.

एकदम तीन पुस्तकं मागवली तर?

तिन्ही अर्धवट राहतील. एक पुस्तक, एक वही. एका आठवड्यात एकच गोष्ट. समजा या आठवड्यात फक्त नजर. ऑफिसला जाता-येता फक्त लांब बघायचं, बाकी सगळं नेहमीसारखं. घरी येऊन वहीत दोन ओळी. शनिवार-रविवारी मैदानात पाण्याच्या चार बाटल्या मांडून त्यातून नागमोडी जा, कधी बाटलीकडे बघत, कधी पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत. फरक मोजायला पुस्तक लागणार नाही, किती बाटल्या पडल्या ते मोजा.

'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'?

रॉबर्ट पर्सिग यांचं ते १९७४चं पुस्तक बाप-मुलाच्या प्रवासाचं आणि तत्त्वज्ञानाचं आहे. सुंदर आहे. चेन कशी घट्ट करायची हे बघायला एकानं ते माझ्याकडून नेलं आणि तीन महिन्यांनी परत केलं. चेन तशीच सैल होती.

तुमच्याकडची पुस्तकं मिळतील का?

हफ घरी आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. ट्विस्टचा दुसरा भाग भाचा वाचतोय. रोडक्राफ्ट मार्चपासून साताऱ्यात एका मित्राकडे आहे. तो म्हणतो, अजून "जागा" या पायरीवरच अडकलोय. "गिअर"पर्यंत पोचला की मागून घेतो.